घरची यंत्रे, घरची निगा : सुरू होताना अडणारा संगणक

विजेचे बटण दाबले, पंखा फिरू लागला, पडद्यावर कंपनीची मुद्रा उमटली आणि संगणक तेथेच थिजून बसला, असा अनुभव ज्याला कधीच आला नाही असा संगणकधारक विरळाच. माऊस हलत नाही, कळ दाबली तरी उत्तर मिळत नाही, आणि भिंतीवरील घड्याळाचा काटा मात्र पुढे सरकत असतो. एरवी एखाद्या यंत्राच्या अशा रुसव्याचे फारसे मनावर घेण्याचे कारण नव्हते. परंतु मुलीच्या प्रवेशअर्जाची कागदपत्रे, वडिलांच्या निवृत्तिवेतनाचा पत्रव्यवहार, दुकानाचा जमाखर्च आणि दहा-बारा वर्षांची कौटुंबिक छायाचित्रे हे सारे त्या एका पेटीत कोंडलेले असते. त्यामुळे संगणक अडला की घरचे काम अडते, आणि घरची माणसे घाबरून जातात.

या घाबरण्यातून दोन गोष्टी सर्रास घडतात. पहिली ही, की बटण पुनःपुन्हा दाबून यंत्र बंद-चालू करीत राहावयाचे. दुसरी ही, की ते उचलून दुरुस्तीच्या दुकानी न्यावयाचे आणि “काहीही करा, पण चालू करून द्या” असे सांगावयाचे. पहिलीमुळे आधीच दुखावलेली हार्ड डिस्क अधिक दुखावते. दुसरीमुळे यंत्र चालू होते खरे, परंतु ‘काहीही करा’ याचा अर्थ दुकानदार आपल्या सोयीने लावतो; डिस्क फॉर्मॅट होते आणि आतील मजकूर नाहीसा होतो. यंत्र बाजारात पुन्हा मिळते. छायाचित्रे मिळत नाहीत. म्हणून अशा वेळी आपण घरच्या घरी काय पाहावे, काय करावे आणि कोठे थांबावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आत काय घडते?

दोष शोधावयाचा तर संगणक जागा कसा होतो, याची स्थूल कल्पना हवी. एसएमपीएस नावाची पेटी भिंतीतील २३० व्होल्टच्या प्रवाहापासून १२, ५ व ३.३ व्होल्टचे दाब तयार करते आणि ते स्थिर झाले की मदरबोर्डला तसा इशारा देते. मग प्रोसेसर मदरबोर्डवरील एका लहानशा चिपमध्ये कायम लिहून ठेवलेला कार्यक्रम वाचू लागतो. या कार्यक्रमास पूर्वी बायॉस म्हणत. अलीकडील यंत्रांत त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे. हा कार्यक्रम रॅम, पडदा, कीबोर्ड इत्यादींची हजेरी घेतो आणि मग डिस्कवरील विंडोज किंवा लिनक्स यांच्या हाती कारभार सोपवितो. विंडोज प्रथम आपला गाभा, मग निरनिराळ्या भागांचे ड्रायव्हर, मग पडद्याआड चालणाऱ्या सेवा सुरू करते, आणि शेवटी पासवर्ड विचारते.

पालखी जशी एका भोयाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जाते, तसाच हा प्रकार आहे. पालखी कोणत्या वळणावर थांबली हे कळले, की कोणाचा खांदा अवघडला हे ओळखणे सोपे जाते. दुरुस्तीचे अर्धे काम या निरीक्षणातच आहे.

खरोखरच अडला आहे काय?

सर्वप्रथम हा प्रश्न स्वतःस विचारावा. कीबोर्डवरील ‘नम लॉक’ किंवा ‘कॅप्स लॉक’ ही कळ दाबून पाहावी. तिचा दिवा लागत-विझत असेल, तर यंत्र बहुधा जिवंत असून कशात तरी गुंतलेले आहे. दिवा मुळीच बदलत नसेल, तर ते बहुधा खरोखरीच गोठले आहे. कॅबिनेटवरील डिस्कचा बारीक दिवाही पाहावा. तो लुकलुकत असेल तर आत वाचन-लेखन चालू आहे.

विंडोज नवे अपडेट बसवीत असताना पडदा बराच वेळ तसाच राहतो. जुन्या, फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कवर हे काम तासाहूनही अधिक चालू शकते, आणि त्या मध्येच वीज तोडणे म्हणजे शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णास उठवून बसविण्यासारखे आहे. ज्या नव्या यंत्रांत डीडीआर ५ जातीची रॅम असते, त्यांत रॅम बदलल्यानंतर प्रथम सुरू होताना पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो. यंत्र त्या वेळी नव्या रॅमशी जुळवून घेत असते. तेथेही धीर धरणे हाच उपाय.

याखेरीज पडद्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत ‘पुढे जाण्यासाठी एफ १ दाबा’ अशा अर्थाची ओळ आलेली असते, आणि ती न वाचताच संगणक अडला अशी समजूत होते. तो अडलेला नसतो. उत्तराची वाट पाहत असतो. पडद्यावर जे लिहिले असेल ते शब्दशः कागदावर उतरवून घ्यावे, किंवा मोबाइलने त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. त्याचा उपयोग पुढे पावलोपावली होतो.

कोणत्या वळणावर?

पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो, ही पहिली अवस्था. येथे संशय रॅम, पडद्याची केबल, ग्राफिक कार्ड, एसएमपीएस अथवा मदरबोर्ड यांवर जातो. जुन्या यंत्रांतून अशा वेळी ठरावीक शिट्ट्या ऐकू येतात. नव्या मदरबोर्डांपैकी पुष्कळांवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक कार्ड व डिस्क यांचे चार लहान दिवे असतात, आणि ज्या भागाचा दिवा लागून राहील तो भाग दोषी समजावयाचा. शिट्ट्यांचा अर्थ कंपनीगणिक निराळा असतो, म्हणून मदरबोर्डची पुस्तिका पाहावी.

कंपनीची मुद्रा दिसते आणि तेथेच सारे थांबते, ही दुसरी अवस्था. विंडोज येथे बहुधा सुरूच झालेली नसते. म्हणून दोष बहुतकरून बाहेरून जोडलेल्या एखाद्या उपकरणात, डिस्कमध्ये वा तिच्या केबलमध्ये असतो.

विंडोजची मुद्रा आणि तिच्याखाली फिरणारे ठिपके दिसून मग गाडी थांबते, ही तिसरी अवस्था. ड्रायव्हर, अर्धवट बसलेले अपडेट, बिघडलेल्या फाइली किंवा डिस्कवरील खराब जागा ही येथील नेहमीची कारणे होत.

पासवर्ड दिल्यानंतर यंत्र गोठते, ही चौथी अवस्था. येथे यंत्राचे भाग बहुधा ठीक असून, सुरू होताच आपोआप धावणाऱ्या कार्यक्रमांची गर्दी किंवा एकाच वेळी बसविलेले दोन अँटिव्हायरस यांतील भांडण कारणीभूत असते.

बिनखर्चाचे उपाय प्रथम

यंत्र बंद करावे, भिंतीतील बटण बंद करून प्लग काढावा आणि मग कॅबिनेटवरील बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेला विद्युतभार निघून जातो. त्यानंतर मॉनिटर, कीबोर्ड व माऊस एवढेच ठेवून बाकी सर्व काढावे. प्रिंटर, पेन ड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, वेबकॅम, मोबाइलची वायर, काहीही ठेवू नये. विसरून राहिलेल्या एका पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू होण्याचा प्रयत्न करते आणि तेथेच अडते, ही अगदी नित्याची गोष्ट आहे. यंत्र सुरळीत चालू झाले, तर एकेक उपकरण पुन्हा जोडून दोषी कोण ते ठरवावे.

एवढ्याने न भागल्यास कॅबिनेट उघडण्यास हरकत नाही. मात्र प्लग काढलेलाच असावा आणि आत हात घालण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूस स्पर्श करावा. कोरड्या हवेत, विशेषतः उत्तरेकडील हिवाळ्यात, अंगावर स्थिर वीज साठते आणि तिच्या एका ठिणगीने चिप निकामी होऊ शकते. एसएमपीएसची पेटी मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. प्लग काढल्यानंतरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये घातक दाबाची वीज साठून राहिलेली असू शकते.

रॅमच्या पट्ट्या दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या मोकळ्या करून अलगद काढाव्या, त्यांची सोनेरी कड कोरड्या, मऊ कापडाने पुसावी आणि खिट्टी बसल्याचा आवाज येईतो पुन्हा नीट बसवाव्या. पट्ट्या दोन असल्यास एका वेळी एकच लावून पाहावी. कोकणापासून केरळापर्यंतच्या किनारपट्टीवर दमट, खारट हवेने या कडांवर मळ धरतो, आणि पुष्कळदा एवढ्या एका कृतीने यंत्र चालू होते.

डिस्कच्या केबली दोन्ही टोकांस घट्ट आहेत ना, ते पाहावे. धूळ मऊ ब्रशाने झाडावी. प्रोसेसरवरील पंखा सहज फिरतो की नाही, तेही पाहावे. मदरबोर्डवरील लहान नळकांड्यांसारख्या कपॅसिटरचे डोके फुगलेले दिसले, तर तो मदरबोर्ड थकला असे समजावे. २००० सालानंतरच्या काही वर्षांत हा दोष जगभरच्या पुष्कळ संगणकांत आढळला होता.

मदरबोर्डवरच रुपयाएवढी एक चपटी बॅटरी असते. बहुतेक यंत्रांत ती सीआर २०३२ या क्रमांकाची व ३ व्होल्टची असते. ती संपली की दर वेळी तारीख व वेळ चुकते, यंत्राची मांडणी पुसली जाते आणि वर सांगितलेली ‘एफ १’ची ओळ दिसू लागते. घड्याळाच्या दुकानीही मिळणाऱ्या या स्वस्त वस्तूवाचून पुष्कळ चांगली यंत्रे ‘जुनी झाली’ म्हणून अडगळीत पडली आहेत.

हार्ड डिस्कचा संशय आल्यास

येथे मात्र क्रम बदलावा लागतो. यंत्र गेले काही दिवस मंदावले असेल, फाइल उघडताना अडखळत असेल, किंवा फिरत्या डिस्कमधून टकटक, करकर असा आवाज येत असेल, तर दुरुस्तीचा विचार नंतर. प्रथम मजकूर वाचवावा. टकटक ऐकू आल्यास यंत्र ताबडतोब बंद करावे, कारण आतील वाचणारा भाग आणि चकती यांत केसाहूनही सूक्ष्म अंतर असते आणि प्रत्येक नव्या सुरुवातीबरोबर चकतीवर ओरखडे पडण्याचा धोका वाढतो.

आवाज नसेल, तर दुसऱ्या संगणकावर उबुंटूसारख्या लिनक्सचा पेन ड्राइव्ह तयार करून घ्यावा, त्यावरून आपले यंत्र सुरू करावे आणि महत्त्वाच्या फाइली बाहेरील डिस्कवर उतरवून घ्याव्या. अशा पेन ड्राइव्हवरून, काही न बसविता, यंत्र तात्पुरते चालविता येते. दुसरा मार्ग म्हणजे डिस्क काढून, तिला जोडपेटी लावून, दुसऱ्या संगणकास जोडणे. मजकूर हाती आल्यानंतरच डिस्क तपासणारे कार्यक्रम चालवावे. हे कार्यक्रम सारी डिस्क ओळीने वाचतात, आणि मरणोन्मुख डिस्कला तो शेवटचा धक्का ठरू शकतो.

डिस्कची स्वतःची प्रकृतीची नोंदही असते; तिला स्मार्ट म्हणतात. ती वाचणारे कार्यक्रम विनामूल्य मिळतात. यूईएफआयच्या पडद्यात (सुरू होताच ‘डिलीट’ किंवा ‘एफ २’ दाबून तेथे जाता येते) डिस्कचे नावच दिसत नसेल, तर दोष डिस्कचा, तिच्या केबलचा किंवा मदरबोर्डवरील जोडणीचा आहे. विंडोज पुन्हा बसवून काहीही साधणार नाही.

दोष विंडोजचा असल्यास

येथे सर्वांत मोठे साधन म्हणजे ‘सेफ मोड’. यात विंडोज केवळ अत्यावश्यक ड्रायव्हर घेऊन उठते. विंडोज ७ मध्ये त्यासाठी सुरुवातीस ‘एफ ८’ दाबावे लागे. विंडोज १० व ११ मध्ये, सुरू होण्याचे प्रयत्न लागोपाठ फसले की दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो. तेथे ‘ट्रबलशूट’, मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, मग ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ असे जाऊन ‘रीस्टार्ट’ निवडावे आणि नंतर ४ हा अंक दाबावा. विंडोज बसविण्याच्या पेन ड्राइव्हवरूनही दुरुस्तीचा पडदा उघडता येतो. डिस्कविषयी संशय असल्यास हाच मार्ग बरा. यंत्र पुनःपुन्हा बंद-चालू करावे लागत नाही.

सेफ मोडमध्ये यंत्र व्यवस्थित चालले, तर दोष बहुधा यंत्राच्या भागांत नसून नव्याने आलेल्या एखाद्या ड्रायव्हरमध्ये वा कार्यक्रमात आहे. अलीकडे काय बसविले ते आठवावे आणि काढून टाकावे. दुरुस्तीच्या पडद्यातच नवे अपडेट काढण्याची, तसेच ‘सिस्टीम रिस्टोअर’ने पूर्वीच्या दिवसाच्या स्थितीस जाण्याची सोय आहे. यंत्र सेफ मोडमध्येही गोठत असेल, तर पुन्हा रॅम व डिस्क यांकडे वळावे. रॅम तपासण्याचा कार्यक्रम विंडोजमध्येच आहे.

या साधनाचे महत्त्व १९ जुलै २०२४ रोजी साऱ्या जगास कळले. त्या दिवशी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-कार्यक्रमाची एक सदोष फाइल जगभर पोहोचली आणि संगणक सुरू होता होता कोसळू लागले. बाधित यंत्रांची संख्या सुमारे ८५ लाख असावी, असा मायक्रोसॉफ्टचा अंदाज होता. विमानसेवा, रुग्णालये, बँका यांचे व्यवहार विस्कळीत झाले. आपल्या देशात काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. एवढ्या मोठ्या संकटावरचा एक प्रमुख उपाय मात्र साधाच होता : यंत्र सेफ मोडमध्ये सुरू करावयाचे आणि ती एक फाइल पुसून टाकावयाची. त्या लाखो यंत्रांपैकी कोणतेही या कारणासाठी बदलावे लागण्याजोगे नव्हते. घरचे यंत्र भंगारात काढण्यापूर्वी ही गोष्ट स्मरावी.

आणखी एक बारकावा. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ ही व्यवस्था आली आहे. ती चालू असली, की ‘शट डाऊन’ केले तरी विंडोजचा गाभा पूर्णपणे विसर्जित होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर साठविली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच उचलली जाते. कालचा बिघाडही त्याबरोबर परत येऊ शकतो. म्हणून एकदा ‘रीस्टार्ट’ करून पाहावे. त्यात सुरुवात खरोखरीच नव्याने होते. त्याने यंत्र सुधारत असेल, तर ही व्यवस्था कंट्रोल पॅनेलमधील ‘पॉवर ऑप्शन्स’मधून बंद करावी.

अठ्ठेचाळीस अंकांची किल्ली

पुष्कळ नव्या यंत्रांत डिस्कवरील मजकूर बिटलॉकर या व्यवस्थेने कुलूपबंद झालेला असतो, आणि मालकास त्याची वार्ताही नसते. यूईएफआयच्या मांडणीत बदल झाला किंवा मदरबोर्ड बदलला, की यंत्र ४८ अंकांची किल्ली मागते. ही किल्ली बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झालेली असते. परंतु ती कोठेच सापडली नाही, तर शाबूत डिस्कवरील मजकूरही कोणास वाचता येत नाही; दुकानदारास नाही आणि कंपनीसही नाही. म्हणून यंत्र धडधाकट असतानाच ही किल्ली शोधून, कागदावर लिहून, घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवावी.

दुकानी जाताना

वरील उपायांनी गुण न आल्यास जाणकाराकडे जाण्यात कमीपणा नाही. मात्र जाताना चार गोष्टी सांगाव्या : यंत्र कोणत्या वळणावर अडते, पडद्यावर कोणती अक्षरे येतात, अलीकडे काय बदलले, आणि आपण कोणकोणते उपाय करून पाहिले. त्यानंतर स्पष्ट शब्दांत, शक्य तर पावतीवर लिहून घेऊन सांगावे, की आपल्या संमतीवाचून डिस्क फॉर्मॅट करू नये. नवी डिस्क बसविल्यास जुनी परत मागून घ्यावी.

जुने यंत्र दुरुस्त होऊन आले, तरी त्यावर विंडोज १० असल्यास मायक्रोसॉफ्टचा त्यास असलेला सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हे ध्यानी ठेवावे. जे यंत्र विंडोज ११ पेलू शकत नाही, त्यावर लिनक्स चालविता येते. सी-डॅक या आपल्या सरकारी संस्थेने तयार केलेली ‘बॉस’ ही त्याच कुळातील असून तीत भारतीय भाषांची सोय आहे.

शेवटी, महिन्यातून एक दिवस ठरवावा. धान्याला ऊन दाखविण्याचा, वाणसामानाची यादी करण्याचा जसा दिवस असतो तसा. त्या दिवशी घरच्या फाइलींची एक प्रत बाहेरील डिस्कवर घ्यावी, दोन-चार फाइली उघडून प्रत खरोखर झाली आहे ना ते पाहावे, आणि मग ती डिस्क संगणकापासून सोडवून कपाटात ठेवावी; जोडून ठेवलेली प्रत विजेच्या एकाच झटक्यात मूळ मजकुरासह जाऊ शकते. ज्या घरी ही प्रत आहे, तेथे संगणक अडला तर एक दुपार वाया जाईल. त्याहून अधिक काही जाणार नाही.